उडत्याची झूल

माणूस हवेत उडतो याचं आमच्या भागात कधी कुणाला नवल वाटलं नाही. मारुती उडतो, तोही डोंगर तळहातावर घेऊन. गरुड उडतो, पुष्पक विमान उडतं, हे सगळं आम्ही देवळातल्या कीर्तनात मांडी घालून ऐकलेलं. त्यामुळे ‘त्या काळच्या भाबड्या लोकांना असले पिक्चर कळायचेच नाहीत’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा माझ्या भाच्याने नेमकं हेच ऐकवलं. नवी मुंबईतल्या एका मॉलमध्ये त्याने मला पिक्चरला नेलं होतं, कॉमिकवरून काढलेल्या. अडीच तास अंधारात नुसती शहरं कोसळत होती आणि आख्ख्या रांगेत एक माणूस हसला नाही, एकाने शिट्टी मारली नाही. बाहेर आल्यावर भाचा म्हणतो, "मावशी, तुमच्या वेळचे असले पिक्चर म्हणजे नुसता विनोद असायचा ना?" मी म्हटलं, असायचा की. पण तो विनोद आहे हे आम्हाला ठाऊक असायचं, आणि तरी आम्ही जीव मुठीत धरून बघायचो. तुम्हाला दोन्ही एकदम जमत नाही, त्याला मी काय करू?

मी हे उंटावरून शेळ्या हाकत सांगत नाहीये. तसला एक पिक्चर आमच्याच किनाऱ्यावर काढला गेला, आणि त्यातल्या नायकाच्या पाठीवरचं कापड माझ्या आईने शिवलं होतं.

आमची नारळी-पोफळीची वाडी थळच्या थोडी अलीकडे. बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे. आई घर बघायची, वाडी बघायची आणि उरलेल्या वेळात शिवणयंत्र चालवायची. यंत्र तिच्या माहेरचं. त्यावर आजूबाजूच्या बायकांची पोलकी शिवायची आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की कोळीवाड्यातल्या होड्यांचे बावटे. बावटे शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. समुद्रावरचा वारा भल्या भल्या कापडाच्या चिंध्या करतो, पण आईचा बावटा वर्षभर टिकायचा. बाबांना हे फारसं पसंत नव्हतं. मास्तरांची बायको लोकांचे कपडे शिवते, हे त्यांना कुठेतरी बोचायचं. पण घरातल्या घरात चाललंय म्हणून ते तिकडे काणाडोळा करायचे.

आणि मी चित्रकथा वाचायचे. नुसती वाचायचे नाही, खायचे. मुलांच्या एका साप्ताहिकाच्या मधल्या पानांवर एक चित्रमालिका यायची. दीपगृहात काम करणारा एक साधा, गरीब चेहऱ्याचा माणूस, आणि समुद्रात कुणावर संकट आलं की तोच मुखवटा चढवून, पाठीला लाल कापड बांधून आकाशात झेपावायचा. त्याला छापील नाव होतं, चांगलं भारदस्त. पण आमच्याकडे सगळे त्याला उडता म्हणायचे. उडत्याच्या डाव्या गालावर तीळ आहे, तो चहात साखर घालत नाही, त्याचं लाल कापड बरोबर गुडघ्यापर्यंत येतं, हे सगळं मला तोंडपाठ. बाबा म्हणायचे, "चित्रं बघण्याला वाचन म्हणत नाहीत." मी मान हलवायचे आणि पुढचं पान उलटायचे.

तर एका हिवाळ्यात बातमी आली की उडत्यावर पिक्चर निघतोय आणि पिक्चरवाले आपल्याच किनाऱ्यावर येताहेत. आले. दोन ट्रक, एक बस, पुठ्ठ्याचे खडक आणि एक नायक. नायक मुंबईहून मांडव्याला लाँचने उतरला तेव्हा त्याला बोट लागली होती, असं धक्क्यावरच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. समुद्रवीर आणि त्याला बोट लागते. गाव आठ दिवस ह्यावर जगलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण दुपारची आली, पण टोपली न घेता. तिच्या मागे एक घामाघूम माणूस. तो पिक्चरवाल्यांचा ड्रेसवाला होता.

"बाय, ह्याला तुज्याकडं आनलाय," ती आईला म्हणाली. "ह्याचा कपडा वाऱ्यानं खाल्ला."

ड्रेसवाल्याने पिशवीतून लाल नायलॉनचं एक लक्तर काढलं. मुंबईत शिवून आणलेलं. त्याची रड अशी, की नायक खडकावर उभा राहिला की वारा सुटायचा आणि ते कापड त्याच्याच तोंडावर गुंडाळलं जायचं. संवाद बोलायला तोंड उघडलं की तोंडात कापड. शेवटी ते खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपांवर अडकून टराटरा फाटलं. आता सगळं शूटिंग खोळंबलं होतं. "भाभी, संध्याकाळपर्यंत काहीतरी करा, नाहीतर साहेब मला समुद्रात फेकतील," असं म्हणत त्याने नमुना म्हणून साप्ताहिकाचं एक पान आईसमोर ठेवलं. ते पान माझं कधीच वाचून झालं होतं.

आईने पान पाहिलं, लक्तर पाहिलं, आणि दोन्ही बाजूला ठेवली. बावट्यांसाठी आणलेलं लाल साटीन कपाटात होतं, ते तिने काढलं. मी तिथेच उभी राहून बघत होते. तिने कापड घोट्यापर्यंत लांब कापलं. खाली मधोमध चीर देऊन दोन शेपटं केली, बावट्याला करते तशी, वारा निघून जावा म्हणून. कडेने पिवळी जरीची पट्टी लावली, कारण पट्टी नसली तर कड उसवते. शिवाय कोळणीकडून जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या मागवल्या आणि खालच्या दुमडीत शिवून टाकल्या.

"आई, चुकतंय," मी म्हटलं. "चित्रात गुडघ्यापर्यंतच आहे. चित्रात पट्टी नाही. चित्रात शेपूट तर नाहीच नाही."

"तुझ्या चित्रात वारा आहे का?" आईने यंत्र न थांबवता विचारलं.

"आहे की. कापड उडताना दाखवलंय."

"चितारी सांगेल तिकडे उडणारा वारा तो. हा आपल्या किनाऱ्यावरचा आहे, हा कुणाचं ऐकत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी सुरूच्या झाडांखाली उभं राहून शूटिंग बघितलं. नायक खडकावर चढला. वारा सुटला. आणि ते लाल कापड त्याच्या मागे असं ताठ उभं राहिलं की पिक्चरवाल्यांनीच टाळ्या वाजवल्या. नायकाचा चेहरा पहिल्यांदाच पूर्ण दिसला, हेही खरं. घरी परत येताना आई वाडीच्या फाटकापाशी थांबली आणि म्हणाली, "नाक्यावरचा गाळा रिकामा आहे." एवढंच. पण तिचा चेहरा मी पाहिला होता. इतकी वर्षं वर्तमानपत्राच्या तुकड्यासारखं घडी घालून ठेवलेलं काहीतरी तिने उघडलं होतं.

रात्री जेवताना तिने बाबांसमोर विषय काढला. तिला नाक्यावर शिवणकामाचं दुकान टाकायचं होतं. रीतसर, पाटी लावून.

बाबांनी ताटातला हात थांबवला. "बैलावर टाकतात तसली एक झूल शिवलीस आणि लगेच दुकान?"

"झूल म्हणा नाहीतर काही म्हणा. टिकली ना वाऱ्यात?"

"अगं, वाऱ्याचं ठीक आहे. लोकांचं काय? मास्तरांच्या बायकोने शिवलेलं ते सोंग उद्या पडद्यावर दिसणार, आणि आख्खा तालुका मला बघून हसणार." थोडा वेळ भात कालवत बसले. मग गणिताच्या मास्तराला शोभेल असा तोडगा त्यांनी काढला. "पिक्चर लागू दे अलिबागला. लोक हसले नाहीत, तर गाळा घे. मी आडवा येणार नाही. हसले, तर हा विषय बंद."

"बरं," आई म्हणाली आणि त्यांना आमटी वाढली.

मला मात्र त्या रात्रीपासून चैन नाही. कारण लोक हसणार हे मला ठाऊक होतं. माझ्यासारखे वाचणारे काय कमी होते? शाळेत होते, कॉलेजात होते, एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलपाशी उभ्याने फुकट वाचणारे तर कितीतरी. आम्ही वाचणारे लोक भयंकर असतो, आजही आहोत. दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत आम्ही स्वतः उडालेलो असतो, उडत्याला आम्ही आमच्या मनातला आवाज दिलेला असतो. मग पडद्यावर कुणी परका माणूस त्याच्या जागी उभा राहिला, की आम्ही आधी त्याच्या चुका मोजतो. तीळ कुठाय? चहात साखर कशी घातली? त्यात ही लांबलचक, जरीची, दोन शेपटांची झूल. आधीच उल्हास त्यात फाल्गुनमास. पिक्चर डब्यातच राहावा म्हणून मी देवाला मनोभावे साकडं घातलं. उडत्याचा पिक्चर येऊ नये म्हणून प्रार्थना करणारी पंचक्रोशीत मी एकटीच असेन.

देवाने ऐकलं नाही. बऱ्याच महिन्यांनी पिक्चर अलिबागच्या टॉकीजला लागला. रविवारच्या दुपारच्या खेळाला थळचा अर्धा कोळीवाडा टेम्पोत बसून आला आणि खालच्या बाकांवर पसरला. वर बाल्कनीत आम्ही तिघं. आमच्या मागच्या दोन रांगांत कॉलेजची पोरं, त्यातल्या एकाच्या हातात गुंडाळलेलं साप्ताहिक. ते बघून मी खुर्चीत आणखी खाली सरकले. आई इस्त्रीची साडी नेसून, मोगरा माळून, लग्नाला आल्यासारखी बसली होती. बाबा सुपरव्हिजनला बसतात तसे ताठ. कोण हसतंय ते टिपायला.

दिवे गेले. पहिली दहा मिनिटं लोक पिक्चर बघतच नव्हते, आपापला किनारा बघत होते. "ती आपली होडी." "तो आमचा कुत्रा." खलनायकाचा म्हणे कुणाला ठाऊक नसलेला गुप्त बेटावरचा अड्डा दाखवला आणि मागे आमच्या खताच्या कारखान्याचं धुराडं. खालून एकजण ओरडला, "शिफ्ट सुटली काय रे?" आख्खं टॉकीज खदखदलं. बाबांनी आईकडे पाहिलं. आईने पडद्यावरची नजर हलवली नाही.

मग उडता आला. खडकावर, पाठमोरा, आणि मागे ती झूल, सगळ्या पडद्याभर लालेलाल.

"अरे, हा तर नवरदेव!" मागच्या रांगेतून आवाज आला. "शेला बघ, शेला. मुंडावळ्या कुठायत?"

हसण्याची एक लाट मागून आली आणि आमच्या डोक्यावरून खाली गेली. कॉलेजची पोरं बाकं बडवत होती. साप्ताहिकवाला पान उघडून अंधारात शेजाऱ्याला गुडघा दाखवत होता. मला रडू फुटलं. खरंच रडले मी, तोंडात रुमाल कोंबून. त्या पोरांचा राग आला, बाबांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या साप्ताहिकाचा आला, जे मी इतकी वर्षं छातीशी धरून झोपत होते. आणि उडता पहिल्यांदा आकाशात झेपावला तेव्हा तर त्याची तार चक्क दिसली, कपडे वाळत घालायच्या तारेएवढी. पुन्हा हशा. मी डोळे पुसून आईकडे बघितलं तर आई हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत.

मध्यंतर झालं. दिवे लागले. बाबांनी घसा साफ केला.

"हसले," ते म्हणाले.

"हसले की," आई म्हणाली. "मीही हसले. तिकीट काढून हसायलाच आलेत, हसू दे. मी काय ते कापड लोकांना रडवायला शिवलं होतं?"

"पण आपलं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं. मी बरं म्हटलं, जेवण गार होत होतं म्हणून." तिने पर्समधून एक चावी काढली आणि बाबांच्या हातात ठेवली. "गाळा मी मागच्या आठवड्यातच घेतला. उद्या शाळेत जाताना उघडून ठेवा. मशीन उचलायला मी माणसं सांगितलीत."

बाबा त्या चावीकडे बघतच राहिले. मग त्यांनी ती मुठीत मिटून घेतली. आई वर्षभर आमटी वाढत होती आणि मनात तिने पाटीचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता. तेवढ्यात दिवे गेले आणि पुढचा भाग सुरू झाला.

आता त्या उरलेल्या पिक्चरबद्दल सांगते, कारण भाच्यासारख्यांना मला तेच सांगायचं आहे. एका प्रसंगात खलनायक उडत्याला खाली पाडतो. उडता वाळूत पालथा, त्याची झूल पसरलेली, आणि खलनायक बूट घातलेला पाय त्या कापडावर ठेवून मोठ्याने हसतो. बाल्कनीत कुणाला त्यात काही वाटलं नाही. असल्या पिक्चरांत खलनायक असंच करतात. पण खाली एक म्हातारा कोळी बाकावरून उठून उभा राहिला.

"पाय काड," तो पडद्याकडे बोट करून म्हणाला. "बावटा हाय तो. पाय काड म्हनतो ना."

त्यांना तो बावटाच दिसत होता. लाल साटीन, पिवळी पट्टी, दोन शेपटं. डोलकाठीवर बांधायच्या आधी ज्याला कुंकू लावून हात जोडतात, तो बावटा. त्याच्यावर कुणी बूट ठेवतं का? बघता बघता खालचे सगळे उभे राहिले. बायका बोटं मोडून खलनायकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागल्या. एक चप्पल पडद्यावर जाऊन आपटली. मागच्या रांगेतल्या पोराने साप्ताहिक मिटलं. आणि मग उडत्याने ते कापड बुटाखालून हिसडलं, खलनायक तोल जाऊन पाण्यात पडला, आणि जी आरोळी उठली ती बाहेर रस्त्यावर ऐकू गेली असेल. मध्यंतराआधी ह्याच माणसांनी तारेला हसून घेतलं होतं. तीच माणसं आता कपाळाला हात लावून नमस्कार करत होती, आणि ह्यात त्यांना काहीही विचित्र वाटत नव्हतं. देवाचं सोंग आणणारा आपल्यातलाच आहे हे माहीत असतानाही त्याच्या पाया पडणारी माणसं आम्ही. आम्हाला पिक्चर कळत नव्हता म्हणे.

शेवटी उडता पुन्हा उडाला, पुन्हा तीच तार, आता तर दोन दोन. सगळं टॉकीज हसलं, खालचे-वरचे सगळे. माझ्या शेजारून एक ओळखीचा नसलेला आवाज आला म्हणून मी वळून पाहिलं. बाबा हसत होते. चष्मा काढून, चावीवरची मूठ तशीच मिटलेली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती आपली झूल बघत होती.

खेळ सुटल्यावर टॉकीजच्या फाटकापाशी कोळणींनी आईला गराडा घातला. बाबा आम्हाला सोडून पुढे निघून गेले. घरी आम्ही पोचलो तेव्हा ते ओटीवर बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी नाक्यावर गेलो, मशीन उचललेली माणसं आमच्या मागे. गाळ्याचं दार उघडं होतं. बाबांनी शाळेचा स्वच्छ पांढरा सदरा खिळ्याला टांगून ठेवला होता आणि बनियनवर, नाकाला रुमाल बांधून, ते आईचा गाळा झाडत होते. घरात त्यांनी कधी केरसुणीला हात लावल्याचं मला आठवत नाही. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "अगं, थांबा जरा बाहेर. कोपरा राहिलाय."